राखून ठेवलेली हवा

“आता मी सांगतो ते तुमाला पटणार न्हाय,” प्रभुलिंगअप्पांनी सुरुवात केली. “आजवर कुणालाच पटलेलं न्हाय. पण सिद्धरामाची शपथ घेऊन सांगतो...”

“शपथ नको, अण्णा,” ईरम्मा म्हणाली. “तू शपथ घेतलास की मला भ्या वाटतंय.”

अक्कलकोटहून आलेल्या ईरम्माची पिशवी अजून उंबऱ्यातच होती. पायावर पाणी घेतलं नव्हतं, चहाची बशी हातात होती, आणि तेवढ्यात भावानं तिला पकडलं होतं. मागच्या श्रावणात ती भांडून गेली होती ते भांडण दोघंही विसरले होते, किंवा विसरल्यासारखं करत होते. सिद्धेश्वराच्या यात्रेतलं देवाचं लग्न, म्हणजे अक्षता, परवावर आलं होतं. बाळीवेशीत गल्लोगल्ली पांढऱ्या बाराबंद्या वाळत होत्या, आणि असल्या दिवसांत भांडण उकरून काढलं तर सिद्धेश्वर महाराज काय म्हणतील?

“त्या साली वारं असं सुटलं होतं,” अप्पा म्हणाले, “की बाळीवेशीत उडालेली टोपी दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याला सापडली. आन् नंदीध्वजाची उंच काठी कुणाकडं? माझ्याकडं! मी म्हटलं, आता श्वास घेतला तर छाती हलंल. छाती हलली तर काठी हलंल. मग दमच सोडला न्हाय! हितं बाळीवेशीत आत घेतला, त्यो अक्षतेच्या सम्मती कट्ट्यावर जाऊन बाहेर सोडला. मधी एक घार येऊन बसली नंदीध्वजाच्या टोकावर. तिला वाटलं झाडच हाय. कट्टा येईस्तवर तिनं घरट्याच्या दोन काड्या आणून रचल्या की!”

टिं टिं टिं टिं.

अप्पांच्या खांद्याला लटकवलेली काळी पिशवी वाजायला लागली. पिशवी जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यातून एक पारदर्शक नळी निघून अप्पांच्या कानांवरून नाकाशी आली होती, आणि नळीची दोन बारकी शिंगं नाकपुड्यांत बसली होती.

ईरम्माच्या हातातली बशी कलली. “अय्यो! हे काय बोंबलतंय?”

“प्राणवायूचं मशीन आहे, ईरम्मात्या,” आतून सून रुद्राणी म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. “मामा, नाकानं श्वास घ्या. तोंडानं घेतला की त्याला कळत नाही, मग ते वाजतं.”

पण ईरम्माला दुसरंच कळलं होतं. “सुळ्ळु हेळतोय म्हणून वाजतंय ते!” ती बशी खाली ठेवून, टाळी वाजवत म्हणाली. सुळ्ळु म्हणजे खोटं. त्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात जेवायच्या, त्यामुळे कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. “लई बरं झालं. तुझं खोटं पकडणारं मशीन निघालं, अण्णा!”

“खोटं?” अप्पा नाकानं जोरात श्वास ओढून म्हणाले. मशीन ‘फुस्’ करून गप्प झालं. “गंगम्माला विचार की. ती होती तितं.”

गंगम्मा भिंतीला टेकून भोगीच्या भाजीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, “व्हय की.”

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी गंगम्मा तितं नव्हती. ती अक्कलकोटला माहेरी कळा देत होती आणि तिच्या पोटातून भिमा बाहेर यायला निघाला होता. पण लग्न झाल्यापासून नवऱ्यानं “गंगम्माला विचार” म्हणायचं आणि गंगम्मानं “व्हय की” म्हणायचं, हा त्या घरातला शिरस्ता होता. मारुतीला शेंदूर लावतात तसा अप्पांच्या प्रत्येक गोष्टीला तिचा “व्हय की” लागायचा. तो लागला की गोष्ट पक्की. गिरणीत असताना त्यांनी एका हातानं माग थांबवला, तेव्हाही व्हय की. गिरणी बंद पडायच्या आधी साहेब त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, तेव्हाही व्हय की. साहेबाला गंगम्मानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आज मात्र “व्हय की” म्हणताना तिच्या बोटातली शेंग तिथंच थांबली. अप्पांचे ओठ तिनं पाहिले. पिकत आलेल्या जांभळासारखे दिसत होते.

*

ते ओठ असे का, हे त्या घरात एकटी गंगम्मा जाणत होती. म्हणजे जाणत होती असं तिला वाटत होतं. खरं तर ती कुणापेक्षाही जास्त गोंधळलेली होती.

गिरणीतला कापूस आणि नंतर मागावरच्या टॉवेलांचा तूस अप्पांच्या छातीत आयुष्यभर साचत गेला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. अप्पा म्हणाले, “एवढं नाव कशाला? छातीत गादी भरलीय म्हणा की.” दिवाळीनंतर दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सोबत एक लोखंडी सिलिंडर आला, गंगम्माच्या खांद्याएवढा उंच. त्याला घड्याळासारखा काटा होता. काटा खाली खाली यायचा आणि एक दिवस, भिमा दुसरा सिलिंडर आणायला गेलेला असताना, तो पार तळाला टेकला. भिमा परत येईपर्यंत अप्पांनी खुर्चीचा दांडा असा धरून ठेवला होता, जणू खुर्ची सोडली तर ते वाहून जातील. ते गंगम्मा विसरली नव्हती. तेव्हापासून तिला प्राणवायू म्हणजे संपणारी गोष्ट, एवढं पक्कं ठाऊक होतं.

मग रुद्राणीच्या शाळेतल्या बाईंनी या लहान मशीनचं सांगितलं. दुकानदारानं घरी येऊन ते दाखवलं. तो काय काय सांगत होता ते रुद्राणी ऐकत होती. अप्पा ऐकत नव्हते, कारण ते दुकानदाराला मंगळवेढ्याच्या टोपीची गोष्ट सांगत होते. गंगम्माच्या कानावर एकच वाक्य पडलं: “हे बाहेरचीच हवा आत ओढतं.”

चार दिवसांनी रात्री तिनं ते सांगितलं तेव्हा अप्पा हळूच म्हणाले, “बाहेरचीच हवा ओढून माझ्या नाकात सोडतंय म्हणं. मग माझं नाक काय वाईट हाय? तेबी बाहेरचीच हवा ओढतंय की.”

गंगम्माला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

“म्हणजे आत भरलेला असणार वायू,” अप्पा पुढं म्हणाले. “एवढा मोठा सिलिंडर केवढ्यात संपायचा, तर ह्या डब्यात किती मावणार? दोन घोट.”

“पण रुद्राणी रोज लाइटीला लावते की. मग त्या चार काड्या परत भरतात.”

मशीनवरच्या बारक्या पडद्यावर खरंच चार काड्या दिसायच्या. वापरलं की एकेक विझायची.

“त्या लाइटीच्या काड्या, येडे. लाइट भरली म्हणून वायू कसा भरंल? तारेतून वायू येतोय काय? वायूचा काटा दिलाच न्हाय त्यांनी. मुद्दाम. संपला की आपण परत जाणार दुकानात, मग बोलतील ती किंमत.” अप्पा उशीवर रेलले. “अक्षतेला भिमा पहिल्यांदा काठी पेलणार. मी कट्ट्यावर खुर्ची टाकून बसणार न्हाय गंगम्मा, माझी पहिली काठी होती तवा माझा बाप शेजारनं चालला. मी बी चालणार. बाळीवेशीपास्नं. तेवढ्या वाटंला पुरंल एवढा वायू राखून ठिवला पायजे.”

आणि राखून ठेवणं हे गंगम्माला कुणी शिकवायला नको होतं. तिचा गॅसचा सिलिंडर शेजारणीपेक्षा दुप्पट दिवस जायचा. संपला असं वाटलं की ती तो आडवा करून, हलवून, दोन भाकऱ्या आणखी काढायची. म्हणून रोज रात्री भिमा-रुद्राणीच्या खोलीचं दार लागलं की ती उठायची, अप्पांच्या नाकातली शिंगं काढायची आणि मशीन बंद करायची. दिवसा दोघं कामावर गेले की पुन्हा बंद. संध्याकाळी भिमाच्या गाडीचा आवाज आला की चालू. आज रुद्राणी अर्धी रजा टाकून ईरम्माला स्टँडवरून घेऊन आली, त्या रिक्षाचा आवाज आला म्हणून चालू.

अंधारात ती अप्पांच्या पाठीवर हात ठेवून पडायची. श्वास मागातला धोटा अडकल्यासारखा मधेच थांबायचा आणि हिसका देऊन पुन्हा सुटायचा. तिला वाटायचं, उठावं आणि बटण दाबावं. मग वाटायचं, आज दाबलं तर अक्षतेच्या दिवशी रस्त्यात संपंल. दोन्ही बाजूंनी तीच चोर ठरत होती.

*

“मला काही कळेनासं झालंय,” रुद्राणी स्वयंपाकघरात म्हणाली.

बाहेर अप्पा आंघोळीला उठले होते. नळी काढून त्यांनी मशीन चालूच खुर्चीवर ठेवलं होतं. आत चुलीपाशी तिघी होत्या. गंगम्मा बाजरीचं पीठ मळत होती आणि ईरम्मा तीळ भाजताना नणंदपणाच्या जागेवरून सगळ्यावर लक्ष ठेवून होती.

“काय कळेना?” ईरम्मानं विचारलं.

रुद्राणीनं ओट्यावरचं चिमट्यासारखं यंत्र उचललं, जे बोटाला लावलं की अंगातला प्राणवायू आकड्यात दिसतो. “संध्याकाळी आम्ही घरी असतो तेव्हा आकडा नव्वदीच्या वर असतो. सकाळी उठून बघते तर चौऱ्याऐंशी. रात्रभर मशीन लावून झोपतात, मग सकाळी कमी कसा? उलट असायला पाहिजे.”

“दृष्ट लागली असंल,” ईरम्मा म्हणाली. “सकाळी पहिलं कोण बघतंय त्याला?”

“मीच बघते.”

“हां,” ईरम्मा म्हणाली, आणि तीळ हलवायला लागली. त्या एका ‘हां’मध्ये मागच्या श्रावणाचं सगळं भांडण होतं. मग तिला आपल्यालाच वाईट वाटलं असावं. “न्हायतर मशीन खराब असंल, बाई. तू तरी काय करणार?”

“दुकानात फोन केला मी आत्ता. ते म्हणतात, मशीन बरोबर आहे. उलट मलाच विचारलं, पेशंट लावतात का नक्की?” रुद्राणी हसली, पण ते हसू कसनुसं होतं. “मी म्हटलं, अहो, आमच्या सासूबाई शेजारी झोपतात. त्या बघतात ना.”

गंगम्माच्या हाताखालचं पीठ फारच मळलं गेलं.

“दुकानदाराला सांगायचं की,” ती मान खाली घालून म्हणाली, “आतला वायू संपत आला असंल.”

“अत्ती, आत काही नसतंच भरलेलं. खोलीतली हवा ओढायची, तिच्यातला प्राणवायू तेवढा चाळून काढायचा आणि नाकात सोडायचा. चाळणीच आहे ती. वीज असेपर्यंत चालू राहते. वर दोन जादा बॅटऱ्या आणल्यात भिमानं.”

“चाळलं तरी पीठ संपतंयच की.”

“पिठाचा डबा म्हणजे ही सगळी खोली, अत्ती. सोलापूरची सगळी हवा. ती कशी संपेल?”

“मग ह्यांचं नाक काय वाईट हाय?”

“नाक चांगलं आहे. छाती दमलीय. तिला चाळून दिलेलंच पचतं.” रुद्राणीनं परातीकडं बोट केलं. “दात नसलेल्या माणसाला आपण भाकरी कुस्करून देतो ना, तसं.”

गंगम्मानं पिठाचे हात पुसले आणि बाहेर आली. तिला पटलं होतं की नव्हतं हे तिचं तिलाच सांगता येईना. रुद्राणी खोटं बोलणारी नव्हती. पण अप्पाही... नाही, अप्पा होते, पण वायूबद्दल कशाला खोटं बोलतील?

खुर्चीवर मशीन एकटंच टिं टिं करत होतं. न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता. गंगम्मानं इकडं तिकडं पाहिलं, नळी पदरानं पुसली आणि ती दोन शिंगं आपल्याच नाकात बसवली.

टिं टिं थांबलं. तिनं श्वास आत घेतला. फुस्. गार, कोरडी झुळूक. सोडला. मशीन गप्प. पुन्हा घेतला. फुस्. तिनं मुद्दाम श्वास रोखून धरला, तर मशीन वाट बघत थांबलं. तिनं घेतला की ते देत होतं. न थकता, न विचारता, प्रत्येक श्वासाला. अगदी तिच्या “व्हय की”सारखं.

ती तितंच बसून राहिली. बसली त्याला किती वेळ झाला कोण जाणे, पण तिच्या गॅसचा सिलिंडर जसा शेवटी शेवटी फडफडतो तसं काही झालं नाही. पहिली झुळूक आणि आत्ताची झुळूक सारखीच होती. मग एवढ्या रात्री आपण काय राखून ठेवलं?

“गंगम्मा!” न्हाणीच्या दारात धोतर सावरत अप्पा उभे होते. एवढ्या चालण्यानंच त्यांना धाप लागली होती. “काय करतीस? त्यातला वायू का संपवतीस तू?”

तिनं नळी काढून त्यांच्या हातात दिली. “अहो, ते संपत न्हाय म्हणते रुद्राणी.”

“रुद्राणी इस्कुलात शिकवत न्हाय, आफिसात बसते.” अप्पांनी दम खात नळी कानांवरून घेतली. “एकच दिवस राहिला, बाई. आता... आता घात करू नको.”

*

भिमा चिंचोळीहून कंपनीची पाळी संपवून आला तेव्हा त्याच्या हातात इस्त्री केलेली बाराबंदी होती, कागदात गुंडाळलेली. इतक्या वर्षांनी त्याचा नंबर लागला होता. महिनाभर सराव करून कमरेला वळ उठले होते आणि ते दाखवताना तो लहान मुलासारखा लाजायचा. आज त्यानं कागद सोडायच्या आधीच रुद्राणीनं चिमटा त्याच्यासमोर धरला.

“सकाळचा आकडा सांगितला होता. आताचा बघ. ऐंशी! दुपारपासून मशीन चालू आहे तरी.”

“ए, मी आत्ताच आंघोळीवरून...” अप्पांनी बोलायला सुरुवात केली आणि खोकल्यानं ते वाक्य खाल्लं.

“अप्पा, परवाचं आपलं ठरलंय,” भिमा म्हणाला. “आकडा नव्वदीच्या वर असेल तरच कट्ट्यावर खुर्ची. नाहीतर घरी टीव्हीवर.”

“टीव्हीवर!” ईरम्मानं अण्णाची बाजू घेतली. “भिम्या, बापाला टीव्हीवर दावतोस? तुझ्या आज्जानं काय टीव्ही बघून काठी धरायला शिकवली व्हय?”

“मग काय करू आत्या? रस्त्यात काही झालं तर?”

“एक विचारू?” रुद्राणी अप्पांच्या समोर स्टुलावर बसली. “मामा, मशीन रात्रभर लावता ना? खरं सांगा. रागावणार नाही कुणी.”

सगळे अप्पांकडं बघायला लागले. गंगम्माही. अप्पांनी एकदा खांद्यावरच्या पिशवीकडं पाहिलं, एकदा ईरम्माकडं, आणि गंगम्माला त्यांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक दिसली. मंगळवेढ्याची टोपी उडायच्या आधीची.

त्यांनी तोंड मिटलं. नाकानं सावकाश श्वास घेतला. फुस्. आणखी एक. फुस्. आणि मग अगदी थोडक्यात, ओठ जेमतेम उघडून म्हणाले,

“लावतो.”

मशीन गप्प.

“वाजलं न्हाय!” ईरम्मा ओरडली. “बघितलंत? वाजलं न्हाय! खरं बोलतोय अण्णा!”

“ईरम्मात्या, ते खरं-खोटं नाही ओळखत...”

“दुपारी घारीची गोष्ट सांगत होता तवा वाजलं का न्हाय? तूच ऐकलीस. मग आता का न्हाय वाजलं?”

भिमा बारा वर्षं मशीनवर काम करणारा माणूस, पण तोही क्षणभर त्या पिशवीकडं देवळातल्या कौलाकडं बघावं तसा बघत राहिला. “रात्रभर, अप्पा?”

फुस्. “रातभर.”

मशीन गप्प. अप्पांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून गंगम्माकडं विजयानं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तिच्या “व्हय की”ची गरज पडली नव्हती. त्या काळ्या डब्यानंच साक्ष दिली होती.

पण साक्ष कुठं नेऊन सोडेल, हे गोष्ट सांगणाऱ्यालाही कधी कधी कळत नाही.

“म्हणजे लावतात,” रुद्राणी सावकाश म्हणाली. “मशीनही बरोबर आहे. रात्रभर लावूनही सकाळी चौऱ्याऐंशी, आता ऐंशी.” ती उठून उभी राहिली. “मग आजारच वाढलाय, भिमा. आता मशीनचं काम राहिलं नाही. दवाखान्यात न्यायला पाहिजे. आजच.”

“आज?” अप्पा म्हणाले.

“ती बरोबर बोलते,” ईरम्मा म्हणाली. ती एका उडीत सुनेच्या बाजूला जाऊन बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. “अण्णा, तुझे ओठ बघ की. मी येताना वाटलं, शाई लागली.”

“अगं ईरे, तू आत्ता माझ्याकडनं...”

“मी तुझ्याकडनंच हाय. म्हणून म्हणते.”

भिमानं बाराबंदीचा कागद सोडला होता. पांढरंशुभ्र कापड त्याच्या मांडीवर उलगडलेलं होतं. त्यानं एक बाही आत दुमडली. मग दुसरी.

“काय करतोस?” गंगम्मानं विचारलं.

“दवाखान्यात नेलं तर ठेवून घेतीलच, अव्वा. चार दिवस तरी. मी कुणाला तरी फोन करतो, काठी दुसऱ्याला द्या म्हणून.”

“न्हाय!” अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. “तू काठी सोडणार न्हाय, भिमा. कोण राहील तितं माझ्यापाशी, तुझी आई राहील. तू...”

“तुम्ही आत आणि मी बाहेर हर्र बोला हर्र करत फिरू? पाय उचलंल माझा?” भिमाचा आवाज फाटला. त्यानं बाराबंदी गुडघ्यावर दाबून घडी घातली. “पुढच्या साली बघू. मिळाली तर.”

अप्पा मटकन खाली बसले. गंगम्माला दिसत होतं, त्यांचं डोकं पळत होतं. रस्ता शोधत होतं. खरं सांगितलं तर मशीन राखून ठेवलं म्हणून सगळे खवळतील आणि परवा उंबरा ओलांडू देणार नाहीत. नाही सांगितलं तर आजच गाडीत घालतील आणि पोराची काठी जाईल. दोन्हीकडं भिंत. अशा वेळी दुसरा माणूस गप्प बसला असता. प्रभुलिंगअप्पा गोष्ट सांगायला लागले.

“दवाखाना कशाला? मी एकदम ठणठणीत हाय! सकाळचा आकडा कमी का, ते मला ठाऊक हाय. सांगत नव्हतो, कारण तुमाला पटणार न्हाय. कुणालाच पटणार न्हाय.” त्यांनी तोंडानं मोठा घोट घेतला. “रातभर मशीन चालूच असतंय. इतकं चालतंय, इतकं चालतंय की वायू जास्तीच होतोय मला! काल राती तर मी फुगलो. खरंच! फुग्यागत हलका झालो, आन् पलंगावरून वर उचललो गेलो. वर वर. पंख्याला डोकं लागलं, हे बघा, हितं! मी म्हटलं, आता खिडकीतनं भायेर जातोय काय! मग कुणी खाली आणलं मला? हिनं! गंगम्मानं दोन्ही पाय धरून खाली वढलं, उशाला बांधलं! म्हणून... म्हणून पहाटे जरा... जरा वायू काढून टाकतो मी, म्हणून आकडा...”

टिं टिं टिं टिं.

“तोंडानं घेताय, मामा! नाकानं घ्या!”

“गप बस तू!” हे अप्पा मशीनला म्हणाले. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला आणि त्यानं दांडा धरून ठेवला, सिलिंडर संपला होता त्या दिवशी धरला होता तसा. बोटांची नखं निळी होती. तरी ते हसले, आणि आयुष्यभर वळायचे तसे बायकोकडं वळले. “गंगम्माला... विचारा की. ती होती तितं. सांग, गंगम्मा. चालू असतंय... का न्हाय... रातभर?”

टिं टिं टिं टिं.

भिमा घडी हातात धरून तिच्याकडं बघत होता. रुद्राणी बघत होती. ईरम्मानं पदर तोंडाशी नेला होता. गंगम्माच्या जिभेवर “व्हय की” तयारच होतं, ते नेहमीच तयार असायचं, तिला फक्त ओठ उघडायचे होते.

ती उठली. अप्पांच्या नाकातली सरकलेली शिंगं तिनं दोन्ही हातांनी नीट बसवली आणि त्यांचं तोंड आपल्या तळव्यानं झाकलं. फुस्, मशीन म्हणालं. फुस्.

“भिमा, बाराबंदीची घडी मोड,” गंगम्मा म्हणाली. “हे खोटं बोलतायत. रातीला मशीन बंद असतंय. मीच बंद करते.”